सोंड्या भुंगा, कोसा आणि एक बुरशी

सोंड्या भुंगा म्हटले की कोकणातील नारळ आठवतो. मग वैनगंगेच्या खोऱ्यातील कोंढ्याच्या श्रोत्यांपुढे त्याची कथा कशासाठी, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन. हा भुंगा शिंदीवरही पोसतो. आणि त्याच्यावरील एका उपायाचा इतिहास रेशमाच्या किड्यापासून सुरू होतो. कोशाच्या जिल्ह्याने तो ऐकावाच, असे आम्हांस वाटते.

इटलीत लोदी येथील आगोस्तिनो बास्सी यांनी १८०७ च्या सुमारास रेशीमकिड्यांच्या एका रोगाचा अभ्यास आरंभिला. किडे मरून ताठ होत व त्यांवर चुन्यासारखा पांढरा थर चढे. पाव शतकाच्या खटाटोपानंतर, १८३५ साली, त्यांनी दाखवून दिले की हा थर म्हणजे जिवंत बुरशी असून तीच रोगाचे मूळ आहे. पाश्चर यांचे कार्य अद्याप व्हावयाचे होते. त्या बुरशीस आज बास्सींचेच नाव आहे : बोव्हेरिया बॅसियाना.

बास्सींना रोग हटवावयाचा होता. मेचनिकॉफ यांनी रोगालाच कामास लावण्याचे ठरविले. गव्हावरील भुंग्यास मारणाऱ्या हिरव्या बुरशीचा त्यांनी १८७९ साली ओडेसा येथे अभ्यास केला. पुढे १८८४ साली स्मेला येथे, बीटवरील सोंड्याविरुद्ध, तिची बीजुके मोठ्या प्रमाणावर तयार करण्यात आली.

या बुरशीला किड्याच्या पोटात जावे लागत नाही. बीजुक कातडीला चिकटते, ओलाव्यात रुजते, कातडी भेदून आत शिरते आणि काही दिवसांत किडा मरतो.

नारळावरील सोंड्या मूळचा आपल्याच दक्षिण आशियाकडचा. १९८० नंतर, रोपांच्या व्यापारासंगे, तो आखाती देशांत व पुढे स्पेनपर्यंत पोचला. तेथे आलिकांते प्रांतात निसर्गतःच मेलेल्या सोंड्यावर बोव्हेरिया सापडली, आणि त्याच स्थानिक वाणापासून औषध तयार करण्यात आले. त्या मातीत व त्या हवेत टिकलेला वाण, हा त्यातील विशेष.

मात्र ही जादूची कांडी नव्हे. उन्हाने बीजुके मरतात. खोडात दडलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. म्हणून बाहेर फिरणाऱ्या भुंग्यालाच बुरशी लावावी लागते. झाडाला जखम न करणे आणि किडलेले झाड तोडून नष्ट करणे, हे जुने उपाय सुटत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. बास्सींची बुरशी रेशीमकिड्याचीच वैरीण आहे, आणि कोशाची अळी तर घरात नव्हे, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढते. तेव्हा बुरशी देशी आहे, एवढ्यावर तिला निरुपद्रवी समजू नये. एखाद्या वाणाची परीक्षा आधी कोशाच्या अळीवर व्हावी आणि मगच तो शिंदीवर फवारावा. एका झाडाच्या रक्षणासाठी दुसऱ्या झाडावरील कुणाची भाकर जाऊ नये, इतके पाहणे आपल्या हाती आहे.