कळत होते का? : वेड, खून आणि कायद्याचा एक जुना प्रश्न

२० जानेवारी १८४३ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल परिसरात डॅनियल मॅकनॉटन या ग्लासगोच्या कातारी कारागिराने एडवर्ड ड्रमंड यांच्या पाठीत गोळी झाडली. पाच दिवसांनी ते वारले. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव; बहुधा पील समजूनच त्यांच्यावर नेम धरला गेला. टोरी पक्षाचे लोक आपला जाईल तिथे पाठलाग करतात, आपल्याला जगू देत नाहीत, असे मॅकनॉटनने पकडल्यावर सांगितले. हा सारा छळ त्याच्या मनातला होता.

मार्च महिन्यात ओल्ड बेलीत खटला चालला. बचावाचे वकील अलेक्झांडर कॉकबर्न यांचे म्हणणे असे, की माणूस व्यवहारात शहाणा दिसतो, पैसे राखतो, पिस्तूल विकत घेतो. तरीही एखादा भ्रम त्याच्या मनाचा ताबा घेऊ शकतो. साक्षीला आलेल्या डॉक्टरांचे एकमत होते. ज्युरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवले. निर्दोष म्हणजे मोकळा नव्हे. आधी बेथलेम, मग १८६४ पासून ब्रॉडमूर अशा वेड्यांच्या रुग्णालयांत उरलेले आयुष्य काढून तो १८६५ मध्ये मरण पावला.

निकालाने इंग्लंड खवळले. राणी व्हिक्टोरिया विशेष नाराज झाली. १८४० मध्ये तिच्यावर गोळी झाडणारा तरुणही असाच वेडा ठरून फाशीतून सुटला होता. हाऊस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना पाच प्रश्न विचारले. जूनमध्ये आलेली त्यांची उत्तरे म्हणजेच ‘मॅकनॉटन नियम’. आपण काय करतो आहोत हे आरोपीला मनाच्या रोगामुळे कळत नसावे, किंवा ते गैर आहे हे तरी कळत नसावे, तरच सुटका. काल्पनिक छळाचा सूड म्हणून कोणी मारले, तर मात्र शिक्षा. गंमत अशी, की ही कसोटी काटेकोरपणे लावली असती तर खुद्द मॅकनॉटन सुटणे अवघड होते. त्याचे नाव लागलेला नियम त्याच्या सुटकेवरच्या रागातून जन्मला.

भारतात वाट वेगळी असू शकली असती. मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये केलेल्या दंडसंहितेच्या मसुद्यात कसोटी साधी होती : कृत्य वेडाच्या परिणामी घडले असेल, तर तो गुन्हा नाही. मसुदा धूळ खात पडला. १८६० मध्ये संहिता मंजूर झाली तेव्हा कलम ८४ मध्ये लंडनच्या नियमाची छाप उमटली होती. ‘वेडामुळे घडले का?’ या प्रश्नाची जागा ‘कळत होते का?’ या प्रश्नाने घेतली. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्येही आशय तोच आहे.

डॉक्टर ज्याला आजार म्हणतात, तो कायद्याला पुरत नाही, असे आपली न्यायालये वारंवार सांगतात. मात्र १९६४ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याचे ओझे थोडे हलके केले : आरोपीने वेड संशयातीत सिद्ध करायला नको, ते संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरे. याच धाग्यावर २००२ मध्ये महाराष्ट्रातला एक पोलीस शिपाई सुटला. त्याने पाट्याच्या दगडाने बायकोला मारले होते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले होते. पण वडिलांनाही मानसिक आजार, स्वतःवर घटनेआधीपासून स्किझोफ्रेनियाचे उपचार, घटनेनंतरही उपचार चालू, पळून जाण्याचा प्रयत्न नाही, हे सारे नोंदींतून सर्वोच्च न्यायालयापुढे आले.

त्या नोंदी होत्या म्हणून. घटनेच्या क्षणी मनात काय चालले होते, हे न्यायालय आत शिरून पाहू शकत नाही. ते आधीचे आणि नंतरचे वागणे पाहते, केसपेपर पाहते. ज्याला घरच्यांनी डॉक्टरऐवजी देवऋष्याकडे नेले, किंवा कुठेच नेले नाही, त्याच्यापाशी कोणता कागद असणार? १८४३ चा प्रश्न त्यालाही तेवढ्याच कोरडेपणाने विचारला जातो, आणि त्याच्या वतीने उत्तर द्यायला साक्षीदार नसतो.