'मिना करन': एका टोपणनावाचा इतिहास

१९७० च्या दशकात मलेशियात 'मिना करन' हा शब्दप्रयोग रूढ झाला. मिना हे खेड्यातल्या मलय मुलीचे नेहमीचे नाव. करन म्हणजे वीज, आपल्याकडचा 'करंट'च. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुणीला हिणवण्यासाठी हे नाव वापरले जाई.

१९६९ च्या दंगलींनंतर १९७१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले. मलय समाजाला शेतीतून उद्योगाकडे वळवणे हा त्यामागचा एक हेतू होता. १९७२ मध्ये पेनांगच्या बायान लेपास येथे मुक्त व्यापार क्षेत्र उभे राहिले आणि कंपन्यांनी प्रामुख्याने खेड्यांतल्या अविवाहित मुलींना कामावर घेतले. शाहनोन अहमद यांच्या १९६६ च्या 'रान्जाउ सपांजांग जालान' या कादंबरीत लाहुमा आणि जेहा यांच्या सात मुली भाताच्या चिखलाशी बांधलेल्या आहेत; अवघ्या काही वर्षांत तशाच घरांतल्या मुली वसतिगृहात राहून पाळ्यांत काम करू लागल्या.

त्यांचा पगार घराला हवा होता. त्यांचा लिपस्टिक, जीन्स आणि रात्रपाळी मात्र नको होती. 'मिना करन' या नावातला उपहास नेमका इथला आहे, असे आम्हाला वाटते. मानवशास्त्रज्ञ आयव्हा ओंग यांनी १९८७ च्या ग्रंथात कारखान्यातील 'भूतबाधे'चा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसलेल्या मुली एकाएकी किंचाळू लागत. व्यवस्थापन मांत्रिकाला, म्हणजे बोमोहला, पाचारण करी. ओंग यांनी त्यात यंत्रशिस्तीविरुद्धचा निषेध वाचला. आमच्या मते तो निषेध घराच्या दुटप्पीपणाविरुद्धही असावा.

तथापि 'पूर्वी मलय स्त्री परतंत्र होती, आधुनिकतेने तिला मोकळे केले' असे म्हणणे घाईचे ठरेल. नगरी सम्बिलान प्रांतात 'आदात परपातिह' या मातृवंशीय रूढीनुसार वडिलोपार्जित जमीन मुलींकडे जाई आणि नवरा बायकोच्या घरी राहायला येई. १९०९ च्या वसाहतकालीन कायद्याने ही रूढी लेखी केली. शिकलेल्या मुलीने जोडीदार स्वतः निवडावा का, हा प्रश्न सय्यद शेख अल-हादी यांनी १९२५-२६ मध्ये 'हिकायत फरीदा हानोम'मध्ये मांडला. पण नायिका ठेवली कैरोत. मलय घरातच हा प्रश्न उभा करण्याची सोय बहुधा तेव्हा नव्हती. पुढे तो तिथे आला, तेव्हा मुलीच्या हाती स्वतःच्या पगाराचे पाकीट होते.