कॉन्ट्रॅक्ट मेला, पण गेला नाही

मागच्या भागानंतर विरारच्या एका श्रोत्याचा मेसेज आला: "टेस्टमध्ये स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट नष्ट करतोय, तरी त्याचा कोड तसाच दिसतो. माझं काय चुकतंय?" काही नाही चुकत, भाऊ. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

इथेरियममध्ये सुरुवातीपासून एक आज्ञा होती, तिचं नावच 'सुसाइड'. पुढे ते 'सेल्फडिस्ट्रक्ट' झालं. कॉन्ट्रॅक्टने ती चालवली की शिल्लक सांगितलेल्या पत्त्यावर जायची आणि कोड पुसला जायचा. पण लगेच नाही बरं का, अख्खा व्यवहार संपल्यावर. आणि मधेच तो कॉल 'रिव्हर्ट' झाला, म्हणजे उलटला, तर मरणही रद्द! कोड जागेवर, पैसे जागेवर. म्हणून टेस्ट दोन्हींची लिहावी लागते, कॉल पार पडला त्याची आणि उलटला त्याचीही.

६ नोव्हेंबर २०१७ ला मात्र काहीच उलटलं नाही. पॅरिटीच्या शेकडो वॉलेट्सचा सामायिक कोड एकाच लायब्ररी कॉन्ट्रॅक्टमध्ये होता आणि त्याला मालक नेमायचं राहून गेलं होतं. कुणीतरी स्वतःलाच मालक केलं, मग 'किल' चालवलं. कॉन्ट्रॅक्टच्या नियमांत दोन्ही कॉल बसत होते, मग अडवणार कोण? ५ लाख १३ हजारांहून जास्त इथर अडकले. चोरीला नाही गेले हं. दिसतात, हलत नाहीत. २०१८ मध्ये तो कोड परत बसवण्याचा प्रस्ताव आला, तोही बारगळला.

अशा टेस्टसाठी आपल्याकडचं एक नेटवर्क होतं. मुंबईत सुरू झालेल्या मॅटिकचं, म्हणजे आजच्या पॉलिगॉनचं. नाव काय, तर 'मुंबई'! तिथले पैसे खोटे, चुका मात्र खऱ्या. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं आणि त्यावरचे सगळे कॉन्ट्रॅक्ट सेल्फडिस्ट्रक्ट न चालवताच गेले.

त्याच्या महिनाभर आधी, १३ मार्चला, इथेरियमच्या डेनकुन अपग्रेडने नियम बदलला. आता ज्या व्यवहारात कॉन्ट्रॅक्ट जन्मला त्याच व्यवहारात मेला तरच कोड पुसला जातो. एरवी फक्त शिल्लक जाते.

तर भाऊ, तुमच्या टूलमध्ये कुठली आवृत्ती निवडली आहे ते बघा. 'कॅनकुन' असेल तर कोड राहणारच. आधीची 'शांघाय' घेतली तर पुसला जाईल, पण तपासणी पुढच्या व्यवहारात करा.