हलालखोर कराचा जमाखर्च

मागे एका महाविद्यालयात अभ्यासवर्ग घेत होतो. विषय होता सार्वजनिक आरोग्याचा खर्च. एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, कर आम्ही भरायचा आणि फुकट दवाखाना झोपडपट्टीने वापरायचा, हा कुठला न्याय?" काहीजण हसले. मागच्या बाकावरच्या आपल्या दोन पोरांनी माना खाली घातल्या. त्या खाली गेलेल्या मानांसाठी हे लिहितो आहे.

'करदाता' हा शब्द आपल्याकडे घडला कसा, हे आधी पाहिले पाहिजे. मुंबई पालिकेच्या १८८८ च्या कायद्यात पाणीपट्टीच्या शेजारीच आणखी एक कर होता : हलालखोर कर. घरातला मैला पालिकेने उचलून न्यावा म्हणून घराच्या करयोग्य मूल्यावर तो आकारला जाई. मैला उचलणारा हलालखोर बहुतेक गुजरात-काठेवाडातून आलेला अस्पृश्य. कराला नाव त्याचे. पावतीवर नाव घरमालकाचे. मतदारयादीतही मालकच, कारण मताचा हक्क कर भरण्याच्या ऐपतीवर ठरत होता. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. मुंबई पालिकेची निवडणूक त्या तत्त्वावर झाली ती १९४८ मध्ये. तोवर ज्याच्या नावाने कर गोळा होत होता, त्याला त्या कराविषयी बोलण्याचा अधिकार नव्हता.

पण हलालखोर कर भरतच नव्हता काय? त्याच १८८८ साली सरकारने मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. मीठ शेठजीच्या ताटात आणि हलालखोराच्या ताटात सारखेच लागते. मिळकत मात्र सारखी नसते. म्हणून मिठाचा कर गरिबाच्या पोटाला जास्त चावतो. तो त्याने रोज भरला. फक्त त्याची पावती कुणी दिली नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघड झाला. माणसे हजारोंनी मुंबई सोडू लागली. पालिकेच्या अधिकाऱ्यांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचे कडक हुकूम काढले होते, ते त्यांना थोडक्या दिवसांत सैल करावे लागले. त्यामागे एक मोठी भीती होती : हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर काय? गिरण्या बंद पडल्या तर शहर गरीब होईल. मैला पडून राहिला तर शहर राहणारच नाही. एवढ्या मोलाचे काम, पण ज्याला ते सोडून दुसरे काही करू दिले जात नाही, त्याची मजुरी कधी वाढेल? जातीने मजुरी खाली दाबली आणि तेवढ्याने शहराचे आरोग्य स्वस्त पडले. ही बचत कुणाच्या नावे जमा झाली?

माझी आई एका नगरपालिकेत झाडूकामाला होती. पहाटे रस्ता झाडताना उडणारी धूळ तिने वर्षानुवर्षे छातीत साठवली. पुढे त्याच गावच्या दवाखान्यात केसपेपर काढायला ती रांगेत उभी राहायची. "फुकट आहे ना, मग थांबा," असे तिला ऐकवले जाई. फुकट! तिने छातीने आगाऊ किंमत मोजली होती.

१९४६ साली भोर समितीने सांगितले की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. ते दान म्हणून नव्हे, तर कामकरी जनतेचे देणे म्हणून वाचले पाहिजे. मिठावरचा कर १९४७ मध्ये गेला. २०१७ पासून जीएसटी आला. साबण, तेल, चहाची पुडी घेताना झोपडीतली बाई आजही कर भरतेच. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात माणसे मरत राहिली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली. सार्वजनिक आरोग्याचा खरा खर्च मांडायचा तर ही प्रेतेही हिशेबात धरावी लागतील.

त्या विद्यार्थ्यावर माझा राग नाही. त्याच्या हाती जमाखर्चाची एकच बाजू दिली गेली आहे. दुसरी बाजू आपण लिहायची आहे. मागच्या बाकावरच्या माझ्या पोरांनो, माना वर करा. आपण फुकट काही मागत नाही. आपली थकबाकी मागतो आहोत.