मांजरींची नसबंदी : पिलांआधी आईकडे पाहा

पंचवटीतील जुन्या वाड्याच्या माळ्यावर भाटी व्याली, की पिले उचलून नेण्यासाठी प्राणिमित्रांना पाचारण केले जाते. वास्तविक भाटी पिलांना सात घरे फिरवते. एकटे दिसलेले पिलू अनाथ असतेच असे नाही. खरा प्रश्न मागे राहणाऱ्या आईचा. तिचा गर्भकाळ जेमतेम ६३ ते ६५ दिवसांचा. पिले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. तिच्या मादी पिलांनाही चौथ्या-पाचव्या महिन्यापासून गर्भ राहतो. म्हणून स्वयंसेवक तिला पिंजऱ्यात पकडून नसबंदी करवून घेतात. भुलीत असतानाच कानाचे टोक छाटले जाते, म्हणजे तीच पुन्हा पकडली जात नाही. बरी झाल्यावर तिला मूळ जागी सोडतात. मुंबई महापालिकेनेही २०१९ मध्ये मांजरींची नसबंदी हाती घेतली. बोक्याची शस्त्रक्रिया तर अधिक सोपी.