काठी आणि डोळा

बिलियर्ड खेळणाऱ्याच्या हाती जी निमुळती काठी असते तिला क्यू म्हणतात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ शेपूट, आणि हे नाव तिला उगीच मिळालेले नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत यूरोपातील दरबारी मंडळी हा खेळ ‘मेस’ नावाच्या दांड्याने खेळत. त्याच्या टोकाला लाकडाचा ठोकळा बसवलेला असे. ठोकळा टेबलावर टेकवायचा आणि त्याने चेंडू पुढे लोटायचा, अशी ती रीत होती. चेंडू कडेच्या गादीला चिकटला की ठोकळा त्याच्यामागे मावेनासा होई. मग दांडा उलटा करून त्याच्या शेपटीने चेंडूला टोला देत. अडचणीपुरता काढलेला हा उपायच पुढे खेळाचा धनी झाला. तो सर्वांना सहजी मानवला मात्र नाही. क्यूच्या टोकाने टेबलावरचे कापड फाटेल ही धास्ती फार दिवस होती, आणि स्त्रियांच्या हाती तर मेसच द्यावा असा शिष्टाचार कित्येक वर्षे चालला.

लोटणे आणि टोला देणे यांतला फरक वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण या खेळाचा सारा पुढला इतिहास त्यातूनच निघाला आहे. लोटताना हात चेंडूबरोबर थोडा चालतो, आणि वाट चुकते आहे असे दिसले तर ती सावरता येते. टोल्यात ही सोय नाही. क्यूचे टोक आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या एक-दोन सहस्रांशांपुरता असतो. एवढ्यात डोळ्याने पाहावे आणि हाताने ऐकावे हे मानवी देहाला शक्य नाही. म्हणजे जे काही नीट करायचे ते टोल्यापूर्वीच करावे लागते. इंग्लंडमध्ये १८९८ साली लोटण्याचा फटका नियमानेच बंद झाला, तेव्हा उरलीसुरली पळवाटही बुजली.

तत्पूर्वी काठीच्या टोकाची सुधारणा झाली होती. उघडे लाकूड चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला लागले की निसटत असे. त्यावर चामड्याची टिकली बसवण्याची युक्ती फ्रान्सुआ मँगो या फ्रेंच कप्तानाची समजली जाते. राजकीय कारणाने तो तुरुंगात होता आणि तेथील बिलियर्डच्या टेबलावर त्याने आपले प्रयोग केले. काही ठिकाणी या तुरुंगाचे नाव बास्तील असे देतात. परंतु बास्तील १७८९ मध्येच जमीनदोस्त झाले होते, तेव्हा ती हकीकत सोडून देणे बरे. सुटकेची वेळ आली असता अभ्यास पुरा व्हावा म्हणून त्याने आणखी काही दिवस कोठडीच मागून घेतली, असेही सांगतात. ही कथा खरी असो वा नसो, १८२७ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चेंडू मागे ओढणारे, वळवणारे जे फटके आहेत ते पूर्वीच्या काठीने होण्यासारखे नव्हते.

त्याच सुमारास इंग्लंडातील बाथ शहरी जॅक कार नावाचा एक गुण मोजणारा चेंडूला बाजूची फिरकी देऊन लोकांना थक्क करीत होता. हा प्रताप आपल्या खडूचा, असे सांगून त्याने खडूच्या डब्या विकल्या. करामत अर्थातच खडूची नव्हती, चेंडूवर टोक नेमके कोठे टेकते याची होती. गंमत अशी की, या फिरकीला अमेरिकेतील पूलचे खेळाडू आजही ‘इंग्लिश’ म्हणतात.

पुढे १८२६ च्या सुमारास जॉन थर्स्टनने टेबलाला पाटीच्या दगडाचा तळ दिला, त्यानंतर काही वर्षांनी रबराच्या गाद्या आल्या, आणि चुकल्यावर टेबलाला बोल लावण्याची सवलत संपली. १८३५ मध्ये गुस्ताव कोरिओलीस या फ्रेंच शास्त्रज्ञाने या खेळाच्या गणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चेंडूच्या उंचीच्या सात-दशांशावर आडवा टोला बसला तर तो न घसरता पहिल्यापासूनच लोळत जातो, असे यंत्रशास्त्र सांगते. पण तेवढ्याच जागी टोक पोहोचवावे कसे, हे गणित सांगत नाही.

ते काम पुष्कळसे केले जो डेव्हिस याने. १९२७ ते १९४६ या काळात त्याने स्नूकरचे जागतिक अजिंक्यपद १५ वेळा जिंकले, आणि त्या स्पर्धेत तो कधीच हरला नाही. त्याचा उजवा डोळा अतिशय अधू होता. शिक्षकांचा पाठ असा की, काठी हनुवटीच्या बरोबर मधोमध, दोन्ही डोळ्यांच्या मध्यरेषेखाली असावी. डेव्हिसची काठी डाव्या डोळ्याखालून जाई. त्याने व्यंग लपवले नाही की पाठही गिरवला नाही. चांगला डोळा जेथे होता तेथे रेषा नेली आणि बाकीचे शरीर तिच्याभोवती उभे केले. २२ जानेवारी १९५५ रोजी लंडनमध्ये त्याने विली स्मिथविरुद्ध १४७ गुणांची संपूर्ण खेळी केली. अधिकृत मान्यता मिळालेली ती पहिलीच. प्रत्येकाची सरळ रेषा त्याच्या डोळ्यांप्रमाणे वेगळी असते, हे आजचे पूल-शिक्षक आवर्जून सांगतात. डेव्हिसला ते गरजेने कळले होते.

ज्या स्नूकरने त्याला कीर्ती दिली तो खेळ जन्मला मात्र जबलपूरच्या लष्करी छावणीत, १८७५ साली. टेबले साहेबांच्या क्लबांतून हळूहळू बाहेर पडली. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्डपटूंचे जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन ते पुन्हा मिळवले. कोणत्याही खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. १९७७ साली मुंबईचे मायकेल फरेरा यांनी तेच पद मिळवले.

क्लबांतून शिकवला जाणारा एक जुना सराव आहे. पांढरा चेंडू तपकिरी चेंडूच्या खुणेवर ठेवायचा, निळ्या, गुलाबी व काळ्या चेंडूंच्या खुणांवरून सरळ पलीकडच्या गादीवर मारायचा, आणि क्यू न हलवता तसेच वाकून थांबायचे. टोला मध्यावर बसला असेल तर चेंडू त्याच वाटेने परतून क्यूच्या टोकाला लागतो. हात सरळ गेला असे खेळाडूला वाटते. चेंडू चार बोटे बाजूने निघून जातो.