दक्षिण कोकणातील कौल आणि अवसर

इंद्रियांपलीकडचे ज्ञान काही मनुष्यांना होते, ही समजूत पुरातन आहे. परंतु 1882 साली लंडनमध्ये विद्वज्जनांनी या विषयाच्या संशोधनार्थ मंडळ स्थापिले तेव्हा त्यांच्यापुढे जो प्रश्न होता, की अमुक एका व्यक्तीच्या ठायी ही शक्ती खरोखर वसते काय, तो दक्षिण कोकणातील गावऱ्हाटीला, म्हणजे देवाभोवती उभ्या असलेल्या गावाच्या परंपरागत व्यवस्थेला, कधी पडलाच नाही. कारण तेथे शक्ती देवाची, आणि ती प्रकट करण्याचा अधिकार वतनासारखा घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेला.

देवळात मानकरी जमतात, गुरव देवाच्या पाषाणाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे लावतो, आणि गावच्या देवाला ‘महाराजा’ असे संबोधून गाऱ्हाणे घातले जाते, त्याच्या प्रत्येक चरणाला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार देतात. मग उजवी पाकळी पडली तर अनुमती, डावी पडली तर मनाई. या उत्तराला कौल म्हणतात. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस शिवशाहीत व पेशवाईत सरकारातून जो अभयलेख मिळे, त्याचेही नाव कौलच. देवाशी बोलण्याची ही सारी रीत फिर्याद घेऊन हुजुरास जाणाऱ्या रयतेची आहे, आणि तिच्यातील अदब मला फार मोलाची वाटते.

दुसरा मार्ग अवसराचा. दसऱ्याला देवांची प्रतीके असलेल्या तरंगकाठ्या बाहेर पडतात तेव्हा ठराविक मानकऱ्यांच्या अंगी देव संचारतो आणि त्यांच्या मुखाने बोलतो. पण मुख मनुष्याचे असल्याने त्या बोलण्यात राग-लोभ शिरण्याची धास्ती असते, आणि पाकळीला भावकी नसते. म्हणून या दोन मार्गांत मला पाकळीचा कौल अधिक निःपक्षपाती वाटतो.

कौलाचा अंमल किती दूरवर पोचतो, हे मालवण तालुक्यात पाहावे. आचरे गावी काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. लेकरे, गुरे, कोंबड्या यांच्यासह सारा गाव वेशीबाहेर राहुट्या ठोकून तीन दिवस, तीन रात्री काढतो, आणि परतायचे तेही पुन्हा कौल मिळाल्यावरच. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला पंचांगातील नेमलेली तिथी नाही. देवीच्या कौलाने दिवस ठरतो, आणि मुंबईचे चाकरमानी त्या दिवसाच्या वार्तेकडे डोळे लावून बसतात. सहस्रावधी माणसांच्या मनावर, कोणत्याही सक्तीवाचून, असा हुकूम चालावा, ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि याच श्रद्धेची दुसरी बाजू भयंकर आहे. रोगराई आली, गुरे दगावली, की देवस्कीत, म्हणजे देवाला कारण विचारण्याच्या विधीत, कोणाचे तरी नाव निघे, आणि त्या माणसावर भुताळा किंवा भुताळी, म्हणजे चेटूक करणारे माणूस, असा शिक्का बसे. पेशव्यांच्या दप्तरात कोकणातील भुताळ्यांच्या चौकशीचे आणि त्यांना दिलेल्या शिक्षांचे उल्लेख आहेत, म्हणजे सरकारही ही समजूत खरी मानून चालत होते. जत्रेचा दिवस देवाने सांगावा, यात कोणाचे अहित नाही. एखाद्या निराधार स्त्रीकडे बोट दाखवणारे उत्तर मात्र, ते पाकळीचे असो वा अवसराचे, गावाने मानता कामा नये. महाराष्ट्रात 2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने कोणावर असा आरोप करून त्याचा छळ करणे हा गुन्हा ठरवला आहे.